आजोबांना प्रश्न नको विचारूस, त्यांच्या हातात जाळं दे

या आठवड्याचं पत्र ऐरोलीहून आलंय, नाव द्यायचं नाही असं तिने लिहिलंय म्हणून देत नाही. पत्र मोठं आहे, थोडं कापून देतेय.

"ताई, माझे आजोबा ७९ वर्षांचे आहेत. आम्ही ऐरोलीतल्याच दिवा कोळीवाड्यातले. आजोबा लहानपणापासून खाडीत जायचे, नंतर ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत फिटर म्हणून लागले, पण सुट्टीच्या दिवशी जाळं घेऊन खाडीवरच. आईबाबा दोघंही नोकरीला, त्यामुळे मला खरं तर आजोबांनीच वाढवलं. फ्यूजची तार बदलायला, चिंबोरी हातात घेऊन ती भरलेली की पोकळ ते वजनावरून ओळखायला, बँकेत स्लिप भरायला, अनोळखी माणसाशी मान वर करून बोलायला, सगळं त्यांनी शिकवलं. २६ जुलै २००५ ला मी दुसरीत होते. दुपारी पाऊस वाढला तेव्हा आजोबा गल्लीत घरोघरी जाऊन सांगत होते की भरती आहे, पाणी उतरायचं नाही, तांदूळ आणि सिलेंडर वर चढवा. काहीजण हसले. संध्याकाळी आमच्या गल्लीत गुडघ्याच्या वर पाणी होतं. तेव्हापासून ते माझे हिरो आहेत.

पुढच्या वर्षी त्यांची ८० पूर्ण होतील. मला त्यांच्याकडचं सगळं नीट उतरवून घ्यायचंय, व्हिडिओ बनवून वाढदिवसाला दाखवायचाय. मी १८ प्रश्न काढले, रविवारी मोबाईल स्टँडला लावला, त्यांना समोर बसवलं. पण ते नुसतं 'हो', 'तसंच असतं', 'काय सांगू' एवढंच बोलले. भरती कशी ओळखायची विचारलं तर म्हणाले, 'जेवलीस का गो?' परत एकदा ट्राय केलं तर म्हणाले 'आता खारीन काय रायलंय' (खाडीत काय राहिलंय) आणि टीव्ही लावला. टीव्हीसुद्धा एवढा मोठा की मला घरून काम करताना कॉल घेता येत नाही. बाबा म्हणतात त्यांना त्रास देऊ नकोस. मला खूप गिल्टी वाटतंय की इतकी वर्षं मी विचारलंच नाही आणि आता ते सांगत नाहीयेत. काय करू?"

अगं, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना २६ जुलैपाशी थांबले कारण त्या दिवशी दुपारी खरंच भरती होती, सांताक्रूझला २४ तासात ९४४ मिमी पाऊस झाला आणि ऐन पावसात समुद्र भरलेला म्हणून पाण्याला बाहेर जायला वाट नव्हती, हे आपल्या सगळ्यांना नंतर पेपरमधून कळलं. तुझ्या आजोबांना ते दुपारीच कळलं होतं. तू त्यांना हिरो म्हणतेस ते अगदी बरोबर म्हणतेस.

पण दुसऱ्यांदा वाचताना मला वेगळंच काहीतरी दिसलं, आणि सगळ्यात आधी तेच सांगते. भरतीबद्दल विचारल्यावर ते "जेवलीस का" म्हणाले आणि टीव्ही एवढा मोठा लावतात. बाळा, आजोबांना ऐकू कमी येतंय का? मला वाटतं तू काय विचारलंस ते त्यांना कळलंच नाही. मोबाईलकडे बघत तू भराभर काहीतरी विचारलंस, त्यांना ओठ हलताना दिसले, आणि नातीला जे नेहमी म्हणतात ते ते म्हणाले. कमी ऐकू येणारी माणसं "हो" आणि "तसंच असतं" खूप म्हणतात कारण ती कुठल्याही प्रश्नाला चालतात. परत परत "काय?" विचारायची त्यांना लाज वाटते. आपल्याला वाटतं माणूस बोलायचा बंद झाला, आणि तो बिचारा काय चाललंय त्याचा अंदाज घेत बसलेला असतो.

तर व्हिडिओ वगैरे नंतर, आधी कानाच्या डॉक्टरकडे घेऊन जा. कधीकधी नुसता मळ साचलेला असतो आणि पाच मिनिटात काम होतं (घरी तेल ओतू नकोस आणि काडी तर अजिबात घालू नकोस). नाहीतर ते ऑडिओमेट्री करतील, हेडफोन लावून बीप ऐकवतात, दुखत बिखत काही नाही. मशीन लागलं तर एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेव, पहिले काही आठवडे ते काढून डबीत ठेवतील, कारण त्यात पंखा, भांडी, रिक्षाचा हॉर्न सगळंच एकदम मोठं ऐकू येतं आणि डोकं उठतं. आधी घरात तासभर, मग हळूहळू वाढवायचं. तेवढा वेळ त्यांना दे. आणि तोपर्यंत त्यांच्याशी बोलताना समोर बसून, तोंड दिसेल असं, सावकाश बोल. ओरडू नकोस, ओरडलं की शब्द उलट फाटतात.

आता मुख्य विषय, त्यासाठी मला माझ्या आजोबांचं सांगावं लागेल.

माझ्या आजोबांचं ठाण्यात जांभळी नाक्याजवळ सायकलचं दुकान होतं. भाड्याने सायकली द्यायचे, पंक्चर काढायचे, चाकाचा आऊट काढायचे, म्हणजे डुलणारं चाक सरळ करायचे. संध्याकाळी पोरं सायकल घेऊन तलावपाळीला चकरा मारायची आणि आजोबा वहीत नाव नि वेळ लिहून ठेवायचे. तासाला दोन रुपये. कोणी पाऊण तासात परत आला की मी उभी राहून दीड रुपया सांगायचा, कारण पाऊणकी त्यांनी मला शाळेच्या आधी शिकवली होती. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी, ही सगळी पाठ असलेली शेवटची पिढी बहुतेक त्यांचीच, औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा हे आजच्या पोरांना सांगितलं तर त्यांना खरंच वाटत नाही.

ते थकले, दुकान बंद झालं, आणि तुझ्यासारखीच मला पण एक दिवस घाई झाली. वही घेऊन त्यांच्यासमोर बसले. आजोबा, तुमच्या आयुष्याबद्दल सांगा. आजोबा, तुम्ही माझे हिरो आहात. ते इतके अवघडले की उठून पाण्याचा तांब्या भरायला आत गेले आणि बराच वेळ बाहेरच आले नाहीत. चार रविवार मी असंच केलं. वहीत फक्त जन्मगाव आणि शाळेचं नाव आलं.

मग एकदा माझ्या भावाच्या मुलाची सायकल पंक्चर झाली होती, ती मी सहज त्यांच्या खोलीच्या दारात लावून ठेवली. आजोबांनी चाकाला बोटाने टिचकी मारली. मग म्हणाले, पाना आण. मग घमेलं आण, पाणी आण, कापड आण. ट्यूब बाहेर काढून, थोडी हवा भरून त्यांनी ती गालाजवळून हळूहळू फिरवली, कारण बारीक हवा डोळ्यांना दिसत नाही पण गालाला कळते, मग तेवढाच भाग पाण्यात बुडवला, आणि बरोब्बर तिथून बुडबुडे आले. ट्यूब पुसली, घासली, सोल्यूशन लावलं आणि मी लगेच पॅच उचलला तर माझा हात धरला. "थांब. ओलं असताना चिकटवलंस तर चिकटल्यासारखं वाटेल आणि कोपऱ्यावर जाऊन सुटेल. बोट लावून बघ, बोटाला येत नाही ना, आता लाव." आणि ते वाळेपर्यंतच्या त्या दोन-चार मिनिटांत ते बोलायला लागले. दुकान कसं घेतलं, पहिल्या वर्षी किती उधारी बुडाली, कोणाचे पैसे मागायचे आणि कोणाचे कधीच मागायचे नाहीत, भावाशी वाटणीवरून झालेलं भांडण, आजीला पहिल्यांदा डबल सीट बसवून कोपिनेश्वराला नेलं ते. दोन तास. मी एकही प्रश्न विचारला नव्हता, फक्त पाना धरून बसले होते.

मला जे सांगायचंय ते एवढंच आहे गं. या माणसांचं शहाणपण त्यांच्या हातात असतं, तोंडात नाही. त्यांनी ते कधी शब्दात मांडलेलंच नसतं, मग तू "भरती कशी ओळखता" विचारलंस की ते काय सांगणार, त्यांच्यासाठी तो प्रश्न "श्वास कसा घेता" यासारखा आहे. समोर कॅमेरा, नात परीक्षा घेतल्यासारखी बसलेली, आणि हातात काहीच काम नाही. कोणीही गप्प होईल. प्रश्नांचा कागद बाजूला ठेव आणि त्यांच्यापुढे काम आण.

जाळं आण. तुमच्याच कोळीवाड्यात कोणाकडे तरी फाटलेलं जाळं पडलेलं असणार, ते माग, सुई आणि दोरा माग, आणि आजोबांच्या शेजारी, समोर नाही शेजारी, खाली बसून तू स्वतः शिवायला घे. तू चुकणारच आहेस, मुद्दाम चुकायची गरज नाही. मी एकदा चेंदणी कोळीवाड्यात एका काकांना जाळं शिवताना बघत उभी होते, तर त्यांनी शिवायच्या आधी भोक अजून मोठं केलं. मला वाटलं हे काय करतायत. ते म्हणाले फाटलेल्या कडेवर गाठ बसत नाही, आधी तुटके आस (जाळ्याचे डोळे) कापून कड साफ करायची, मग एकेक आस धरत विणत जायचं, आणि नवा आस जुन्याच्याच मापाचा आला पाहिजे नाहीतर तिथे जाळं ओढ घेतं आणि परत फाटतं. हे तुला माहीत नसणार, तू भोकाच्या दोन कडा धरून सरळ गाठी मारायला घेशील, आणि मला खात्री आहे पाच मिनिटाच्या आत आजोबा ते जाळं तुझ्या हातातून ओढून घेतील. ओढून घेऊ दे. त्यांचं बोलणं तिथून सुरू होईल.

आणि भरतीचं. तुला "कशी ओळखायची" ते हवंय ना, मग रोज सकाळी चहाच्या वेळी फक्त विचार, "आजोबा, आज भरती किती वाजता?" बास. ते सांगतील ती वेळ कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात लिही. आपल्याकडे तिथीवरून काढायचा जुना हिशोब आहे, तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास, दुपारी पण आणि पहाटे पण. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. दोन्ही पंधरवड्यांना तोच हिशोब, शुक्ल असो की वद्य. भरती रोज पाऊण तासाहून थोडी जास्तच पुढे सरकते म्हणून हे जमतं, आणि तिच्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी खूप वर येतं आणि खूप खाली जातं ते उधाण, अष्टमीच्या आसपास कमी चढउतार तो भांग. माझ्या आजोबांनी हे मला पाऊणकीच्या निमित्ताने सांगितलं होतं, त्यांचा खाडीशी काही संबंध नव्हता, पण ठाण्यातल्या जुन्या माणसांना हे माहीत असायचं.

पण हा हिशोब मुंबईच्या किनाऱ्याचा, ढोबळ. खाडीत आतपर्यंत पाणी यायला अजून वेळ लागतो, आणि दिव्याच्या जेट्टीवर नक्की किती उशिरा येतं, पावसाळ्यात त्यात काय फरक पडतो, कुठल्या वाऱ्याला पाणी जास्त चढतं, हे कुठल्या ॲपमध्ये नाहीये. तुझ्या आजोबांकडे आहे. महिनाभर वेळा लिहिल्यास की तू स्वतः त्या वेळा आणि पाऊणकी शेजारी मांडून बघ, फरक दिसेल, आणि मग त्यांच्याकडे जाऊन म्हण की आजोबा हिशोबाने तीन येतात तुम्ही वेगळी वेळ का सांगितली. तो प्रश्न त्यांना आवडेल कारण तो काम करताना पडलेला प्रश्न आहे, मुलाखतीतला नाही.

"आता खारीन काय रायलंय" यावर तू काय म्हणालीस ते लिहिलं नाहीयेस. बहुतेक म्हणाली असशील, असं नका बोलू आजोबा. मी सांगेन की ते खोडू नकोस. ते खोटं बोलत नाहीयेत. गाळ वाढला, कारखान्यांचं पाणी आलं, एकेकाळी पोटापुरती मिळणारी मासळी कमी झाली, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलंय, आणि गंमत बघ, ज्या कंपन्यांच्या पट्ट्याचं पाणी खाडीत गेलं त्याच पट्ट्यात नोकरी करून त्यांनी तुम्हाला वाढवलं. या माणसाच्या मनात त्याचं काय होत असेल याचा मी खूप विचार केला. तर ते "काय रायलंय" म्हणाले की तू विचार, "मग आधी काय होतं?" निवटे कुठे मिळायचे, जिताडा कोणी किती मोठा धरला होता, बोईट कधी यायची, कोलंबी कुठल्या महिन्यात. नावं तू घे, एकेक. नाव ऐकलं की त्यांना जागा आठवेल.

आणि जमलं तर त्यांना खाडीवर ने. तुझ्या ऐरोलीतच वनखात्याचं किनारी जैवविविधता केंद्र आहे, तिथून बोटीने खाडीत नेतात, ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ ला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, पण आलीये. फ्लेमिंगो साधारण नोव्हेंबर ते मे. बोटीच्या वेळा भरतीप्रमाणे असतात, तर बुकिंग करायच्या आधी वेळ आजोबांनाच काढायला लाव. बोटीत चढणं उतरणं जमणार नसेल तर नको, नुसतं रिक्षाने जेट्टीपर्यंत जा, प्लॅस्टिकची खुर्ची सोबत घे, हात धर कारण तिथे शेवाळाने पाय घसरतो, आणि अर्धा तास गप्प बस. तू बोलायचं नाही. मोबाईल खिशात.

रेकॉर्डिंग करूच नको असं मी म्हणत नाहीये. आवाज जरूर ठेव, मला माझ्या आजोबांचा आवाज कुठेच ऐकायला मिळत नाही आणि ते मला फार लागतं. पण आधी त्यांना सांगून, आणि जाळं शिवताना बाजूला कुठेतरी मोबाईल पालथा ठेवून नुसता आवाज घे. व्हिडिओ घ्यायचाच असेल तर चेहऱ्याचा नको, हातांचा घे. ते गाठ कशी मारतात, कुठलं बोट कुठे जातं. ते तुला वीस वर्षांनी लागेल.

बाबांचं म्हणशील तर त्यांना वाटतंय ते चूक नाही, वडील आता थकलेत आणि त्यांना दमवू नये हे मुलाला वाटणारच. पण रिटायर झालेल्या फिटरला दिवसभर खुर्चीत बसवून ठेवणं म्हणजे आराम नव्हे. बाबांशी वाद घालू नकोस. त्यांना पण जाळ्याजवळ बसव. मला राहून राहून वाटतंय की बाबांना पण हे येत नसणार, नोकरी करता करता राहून गेलं असणार, आणि ते कोणाला बोलून दाखवत नसतील.

गिल्टचं आता. तू लिहिलंस की इतकी वर्षं विचारलंच नाही. अगं, तुला चिंबोरी ओळखता येते, फ्यूज बदलता येतो, चारचौघांत मान वर करून बोलता येतं. मग तू न विचारताच शिकलीस की. शिकवणं असंच चालू होतं, ते सांगत होते आणि तू शेजारी उभी होतीस. मध्ये कॉलेज आणि नोकरीत दहा वर्षं तू शेजारी नव्हतीस एवढंच झालंय, आणि अजून ते आहेत. मी आऊट काढायला शिकले नाही. चाक उलटं धरून फिरवायचं, कुठे डुलतं ते बघायचं, कुठली आरी (स्पोक) किती आवळायची आणि समोरची किती सैल करायची, आजोबा नुसत्या आवाजावरून सांगायचे. मी म्हटलं नंतर शिकू. त्यांची ती आऱ्या आवळायची चावी माझ्या टेबलाच्या खणात आहे, आणि मला ती वापरता येत नाही. तुझ्यापुढे अजून रविवार आहेत, ते प्रश्नांचे कागद काढण्यात घालवू नकोस.

वाढदिवसाला व्हिडिओ नाही झाला तरी चालेल. उठून २६ जुलैची गोष्ट सांग, जशी मला लिहिलीस तशीच, सिलेंडर आणि तांदळासकट, आणि जे हसले होते त्यांची नावं न घेता. गल्लीतली माणसं समोर असतील, त्यांना सगळं आठवेल. आजोबांना आधीच मशीन लावून पुढच्या खुर्चीत बसव म्हणजे त्यांना पण नीट ऐकू येईल.

आज मी हे लिहितेय तर कॅलेंडरवर सप्तमी आहे. सात पाऊण सव्वापाच. आजोबांना विचार सप्तमीला दिव्याला पाणी किती वाजता भरतं, आणि मला कळव.